सात भागांनंतर: जर्मन दूरचित्रवाणीवरील सुरुवातीच्या विज्ञानकथांचा वारसा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम जर्मनीत १९६६ साली ‘राउमपाट्रुल्ये’ (म्हणजे ‘अंतराळगस्त’) ही अंतराळमालिका आली, सात भागांत संपली आणि तिचा पुढचा हंगाम कधीच निघाला नाही. असे असताना जर्मन दूरचित्रवाणीवरील सुरुवातीच्या विज्ञानकथांचा वारसा म्हणून जे सांगितले जाते, त्यात जुन्या प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याखेरीज काही शिल्लक आहे का, आणि या मालिकेला ‘जर्मन स्टार ट्रेक’ म्हणणे कितपत योग्य आहे? शिवाय या कलाकृती कोणत्या क्रमाने पाहाव्यात, हेही विचारले आहे. माझी कारकीर्द नेपथ्य आणि कलादिग्दर्शनात गेली आणि पुढे हेच विषय शिकवताना या कलाकृती वर्गात दाखवण्याची वेळ वारंवार आली. त्यामुळे उत्तर त्या अंगाने देत आहे.

माझे मत आधीच सांगतो. वारसा निश्चित आहे, परंतु तो शोधताना बहुतेक जण अंतराळयानापाशीच थांबतात आणि तिथे त्यांना फक्त आठवणी सापडतात. जर्मन दूरचित्रवाणीने विज्ञानकथेत स्वतःची म्हणून जी भर घातली, ती १९७० ते १९७३ या चार वर्षांत, एकेका रात्री दाखवल्या गेलेल्या स्वतंत्र नाट्यपटांतून. त्या नाट्यपटांनी भविष्यकाळ परग्रहावर न नेता थेट दूरचित्रवाणीच्या रोजच्या साच्यात, म्हणजे बातमीपत्रात, वृत्तपटात आणि शनिवार-रविवारच्या करमणुकीच्या कार्यक्रमात आणून बसवला. तरीही सुरुवात ‘राउमपाट्रुल्ये’पासूनच करावी लागते, कारण पुढच्या काही धाग्यांची टोके तिथे आहेत.

या मालिकेचा पहिला भाग शनिवार, १७ सप्टेंबर १९६६ रोजी ए.आर.डी. या सार्वजनिक वाहिनीवर रात्री सव्वाआठ वाजता दाखवला गेला आणि दर पंधरवड्याने एक याप्रमाणे सात भाग १० डिसेंबरपर्यंत पुरे झाले. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’चे प्रक्षेपण त्याच महिन्याच्या ८ तारखेला सुरू झाले होते, म्हणजे नऊ दिवसांचे अंतर. जर्मन मालिकेचे चित्रीकरण त्याआधीच झालेले असल्याने एकाने दुसऱ्याची नक्कल करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘स्टार ट्रेक’ तर जर्मन प्रेक्षकांना झेड.डी.एफ. या दुसऱ्या सार्वजनिक वाहिनीवर दिसू लागली ती २७ मे १९७२ रोजी. तेव्हा ‘जर्मन स्टार ट्रेक’ ही उपाधी मागाहून चिकटवलेली आहे. ज्यांनी १९६६ साली ती मालिका पाहिली, त्यांच्यासमोर तुलनेला असे काही नव्हतेच. त्यांच्यासमोर राष्ट्रव्यापी अशा दोनच वाहिन्या होत्या, आणि त्यांतली दुसरी जेमतेम तीन वर्षांची होती. आपल्याकडे दूरदर्शनच्या एकाच वाहिनीचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शनिवारच्या रात्रीच्या एका कार्यक्रमाने सबंध देशाची एकत्रित आठवण कशी घडते, हे वेगळे सांगायला नको.

कथेचा काळ इसवी सन ३०००. राष्ट्रे विसर्जित झाली आहेत आणि उरली आहे ती एक मानवजात आणि तिच्या अंतराळातल्या वसाहती. क्लिफ ॲलिस्टर मॅक्लेन हा ‘ओरिओन’ या वेगवान यानाचा कप्तान आज्ञाभंगाबद्दल शिक्षा म्हणून गस्तीच्या कामावर पाठवला जातो आणि त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी सुरक्षा खात्याची एक अधिकारी, तमारा यागेलोव्स्क, यानावर नेमली जाते. डीटमार श्योनहेर आणि एफा प्फ्लूग यांनी या भूमिका केल्या. तमाराला कप्तानाचा निर्णय फिरवणारा ‘आल्फा’ आदेश देण्याचा अधिकार होता; शिवाय मॅक्लेनची आवडती वरिष्ठ अधिकारी जनरल लिडिया व्हान डाइक हीदेखील स्त्री. १९६६ च्या पश्चिम जर्मनीत पत्नीने नोकरी करावी की नाही हा विषय कायद्याच्या भाषेतही अजून घरच्या जबाबदारीशी बांधलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या पात्ररचनेचा ठसा का उमटला ते कळते. अर्थात तिला फार मोठे करण्याचेही कारण नाही, कारण स्त्रियांचे राज्य असलेल्या ग्रहाचा भाग याच मालिकेत आहे आणि त्यातला विनोद आज पाहताना अवघडल्यासारखे होते.

मालिकेवर तेव्हाच एक गंभीर आक्षेप घेतला गेला होता: गणवेश, हुद्दे, हुकूम आणि अंतिम उपाय म्हणून शस्त्र, हे सारे महायुद्ध संपून एकवीस वर्षे झालेल्या देशात इतक्या सहजतेने कसे दाखवले जाते? मॅक्लेनचे व्यक्तिमत्त्वच मुळी आज्ञा मोडण्यावर उभे आहे, असा बचाव केला जातो आणि तो अर्धा खरा आहे. परंतु अडचण आली की ‘ओव्हरकिल’ नावाचे सर्वसंहारक अस्त्र वापरून मोकळे होण्याची यानाची सवय पाहिली, तर आक्षेप घेणारे उगीच बोलत नव्हते, हे मान्य करावे लागते.

आता माझ्या विषयाकडे येतो. ‘राउमपाट्रुल्ये’चे चित्रीकरण म्युनिकजवळच्या गायझलगास्टाइग येथील बव्हारिया स्टुडिओत, पस्तीस मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर झाले आणि नेपथ्य रोल्फ त्सेहेटबाउअर यांचे होते. या मालिकेचा विषय निघाला की जर्मन माणूस हमखास इस्त्रीची गोष्ट सांगतो: यानाच्या नियंत्रणफलकावर कपड्यांची साधी इस्त्री बसवलेली होती, शिवाय पेन्सिलींना टोक काढण्याची यंत्रे आणि न्हाणीघरातले नळही. गोष्ट खरी आहे, परंतु ती नेहमी गरिबीचा विनोद म्हणून सांगितली जाते, हे मला पटत नाही. कृष्णधवल चित्रात वस्तूचा रंग आणि ओळखीचा बराचसा भाग गळून पडतो. उरतो तो आकार, कडा आणि चकाकी. इस्त्रीचे निमुळते टोक आणि वरची मूठ हा आकार हाताने ढकलण्यासाठीच घडवलेला असल्यामुळे नटाचा हात तिच्यावर सहज बसतो आणि ती ढकलली की काहीतरी घडणार असे डोळ्यांना आपसूक वाटते. लाकडाचा खोटा खटका रंगवून तो विश्वास मिळत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे त्सेहेटबाउअर यांनी पैसा आणि कष्ट कुठे घालायचे हे नेमके ठरवले होते. नियंत्रणकक्षाची वर्तुळाकार मांडणी, उंच आणि रिकाम्या भिंतींची कार्यालये, समुद्राच्या तळाशी असलेले ‘स्टारलाइट कॅसिनो’ आणि त्याच्या काचेच्या छतावरून पोहत जाणारे मोठाले मासे, ही दृश्ये खोलीतल्या मोकळ्या जागेच्या भव्यतेवर तोललेली आहेत. हाताशी असलेल्या वस्तू उसन्या चालतील, पण खोली उसनी चालणार नाही, असा तो हिशेब होता. नवशिक्या कलादिग्दर्शकांचा हिशेब बहुधा याच्या नेमका उलटा असतो.

दृश्यचमत्कारांची बाजू थिओ निश्विट्झ यांनी सांभाळली. समुद्रात प्रचंड भोवरा तयार होतो आणि त्याच्या पोटातून तबकडीसारखे ‘ओरिओन’ वर उसळते, हे दृश्य आजही टिकते. त्या काळी अशा दृश्यातला प्रत्येक थर वेगळा चित्रित करून, मुखवटे (चित्राचा नको तो भाग झाकणारी आवरणे) लावून, फिल्मवर एकावर एक उतरवावा लागे. एखादा थर केसभर हलला तरी यान आणि पाणी एकमेकांपासून सुटलेले दिसत आणि प्रत्येक नव्या उताऱ्यागणिक चित्र खरखरीत होत जाई. सगळ्याच ठिकाणी हे साधलेले नाही. काही दृश्यांत जोड स्पष्ट दिसतो. पण दूरचित्रवाणीसाठी कोणी हा खटाटोप करावा, हेच जर्मनीत नवे होते.

संगीत पेटर टोमास यांचे. यंत्रातून काढलेल्या आवाजातली उलटी गणती, मग ढोल, ऑर्गन आणि पितळी वाद्यांचा एकदम उठणारा गजर. भविष्यकाळाचे संगीत गूढ आणि थंडच असले पाहिजे, हा संकेत त्यांनी साफ झुगारला. हा भाग मालिकेपेक्षाही अधिक प्रवास करून आला: नव्वदच्या दशकात हे संगीत नव्या पिढीने पुन्हा शोधले आणि ‘पल्प’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने १९९८ च्या आपल्या ‘धिस इज हार्डकोर’ या गाण्यात टोमास यांच्या या मालिकेसाठीच्या एका रचनेचा तुकडा वापरला.

मालिका पुढे का चालली नाही, याची अनेक कारणे सांगितली जातात. मला त्यातले सर्वांत साधे कारण पुरेसे वाटते. २५ ऑगस्ट १९६७ रोजी बर्लिनच्या प्रदर्शनात तेव्हाचे परराष्ट्रमंत्री विली ब्रांट यांनी कळ दाबली आणि पश्चिम जर्मनीत रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. म्हणजे एका वर्षाच्या आत ही महागडी कृष्णधवल मालिका जुनी ठरली आणि तिचे सारे नेपथ्य, जे रंगाच्या अभावावरच उभे होते, पुन्हा वापरण्याजोगे राहिले नाही. पाठोपाठ जुलै १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरला आणि कलोनच्या स्टुडिओतून रात्रभर चाललेल्या प्रक्षेपणात प्रेक्षकांनी खरे अंतराळ पाहिले. कथा छापील स्वरूपात मात्र पुढे चालू राहिली. हान्स क्नायफेल आणि इतर लेखकांनी ‘ओरिओन’च्या शंभराहून अधिक कादंबरिका लिहिल्या.

इथून पुढे उत्तराचा मुख्य भाग सुरू होतो आणि त्यासाठी जर्मन सार्वजनिक प्रसारणाची एक व्यवस्था समजून घ्यावी लागते. ए.आर.डी. ही प्रादेशिक प्रसारण संस्थांची संघटना. तिचा खर्च मुख्यतः प्रत्येक घराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कावर चालतो. या संस्थांमध्ये नाट्यपटांचे स्वतंत्र विभाग होते, जे लेखकाकडून एखादा विषय घेऊन साधारण दीड-दोन तासांचा, एकदाच दाखवला जाणारा पट तयार करीत. पुढचा भाग विकायचा नसल्यामुळे शेवट सुखाचा असण्याची, नायक जिवंत राहण्याची किंवा प्रेक्षक खूश होण्याची सक्ती नव्हती. कलोनच्या डब्ल्यू.डी.आर. या संस्थेत हा विभाग १९६५ पासून ग्युंटर रोरबाख यांच्याकडे होता आणि मी ज्या तीन पटांना या परंपरेचा गाभा मानतो, ते तिन्ही याच संस्थेचे आहेत.

त्यांतल्या दोन पटांचे लेखक वोल्फगांग मेंगे मूळचे पत्रकार. खऱ्या पोलीस प्रकरणांवर बेतलेल्या ‘श्टालनेट्स’ या गुन्हेगारी मालिकेचे लेखन त्यांनी केले होते आणि १९६९ च्या ‘डी डुब्रोव्ह-क्रीझं’मध्ये सीमारेषेतील चुकीमुळे पूर्व जर्मनीतले एक गाव अचानक पश्चिमेत येते तेव्हा काय होईल, हा खेळ मांडला होता. कल्पना एकच अशक्य असावी आणि तिच्या भोवतीचे सारे तपशील मात्र कार्यालयीन फायलीइतके नेमके असावेत, ही त्यांची रीत.

१८ ऑक्टोबर १९७० रोजी दाखवलेल्या ‘डास मिलिओनेनश्पील’मध्ये (म्हणजे ‘दहा लाखांचा खेळ’) ही रीत पूर्ण ताकदीने उतरली. रॉबर्ट शेकली या अमेरिकी लेखकाच्या १९५८ च्या एका कथेवरून मेंगे यांनी ते लिहिले आणि टॉम ट्योले यांनी दिग्दर्शित केले. नजीकच्या भविष्यकाळात एका खासगी वाहिनीवर एक स्पर्धा चालते: स्पर्धकाने सात दिवस जिवंत राहायचे, तीन मारेकरी कायदेशीर परवानगीने त्याच्या मागावर असणार, आणि वाचला तर त्याला दहा लाख मार्क मिळणार. वाटेत सामान्य नागरिक त्याला लपवू शकतात किंवा पकडूनही देऊ शकतात. मेंगे आणि ट्योले यांनी ही गोष्ट चित्रपटासारखी सांगितलीच नाही. त्यांनी तो कार्यक्रमच प्रक्षेपित केला. निवेदकाच्या भूमिकेत डीटर टोमास हेक होते, जे प्रत्यक्षातही १९६९ पासून झेड.डी.एफ.वर लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम सादर करीत होते आणि घराघरांत ओळखीचे होते. मारेकऱ्यांच्या म्होरक्याच्या भूमिकेतले डीटर हालरफोर्डन पुढे विनोदी नट म्हणून प्रसिद्ध झाले, त्यामुळे आजच्या प्रेक्षकाला तिथे एक वेगळाच धक्का बसतो. प्रेक्षागृह, टाळ्या, स्पर्धकाच्या आईची मुलाखत, रस्त्यावरच्या लोकांची मते, सूत्रसंचालकाचे गुळगुळीत सहानुभूतीचे बोलणे आणि मध्येमध्ये खोट्या जाहिराती, असा तो सारा बाज होता.

या जाहिरातींविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण आज तो पट पाहणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. तो रविवार होता. ए.आर.डी.वर रविवारी आणि रात्री आठनंतर जाहिराती दाखवल्याच जात नसत. म्हणजे पाठलाग मध्येच तोडून जाहिरात लागते, ही आज आपल्याला अगदी रोजची वाटणारी गोष्ट त्या रात्रीच्या प्रेक्षकाला कधीच अनुभवाला आलेली नव्हती. विज्ञानकथेतले ‘विज्ञान’ म्हणावे तर ते तिथे होते. जर्मनीत खासगी वाहिन्या प्रत्यक्षात सुरू झाल्या त्या जानेवारी १९८४ मध्ये. पटानंतर संतापाचे दूरध्वनी आले हे अपेक्षितच होते, परंतु पुढच्या स्पर्धेसाठी नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांनीही संस्थेशी संपर्क साधला, आणि हा तपशील पटाविषयीच्या प्रत्येक लेखनात येतो तो योग्यच आहे.

दहा-दहा लाखांचे वास्तव-कार्यक्रम (रिॲलिटी शो) पुढे खरोखर आले म्हणून मेंगे यांना द्रष्टे म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला ती आवडत नाही. मेंगे यांना १९७० साली जे दिसत होते, म्हणजे स्पर्धात्मक खेळांची वाढती लोकप्रियता, निवेदकाच्या आपुलकीचा सराईतपणा आणि जाहिरातदारांची खासगी प्रसारणासाठी चाललेली ओढाताण, तेच त्यांनी दोन पावले पुढे नेले. भविष्य वर्तवणारा म्हणून त्यांचा गौरव केला की त्यांनी वर्तमानावर केलेली टीका बाजूला पडते.

या पटाच्या नशिबी आणखी एक गोष्ट आली. कथेचे हक्क ज्या मार्गाने मिळवले होते त्यात दोष निघाला आणि कायदेशीर अडचणींमुळे तो तीन दशके पडद्याआड राहिला. २००२ मध्ये त्याचे पुन्हा प्रक्षेपण झाले. मधल्या काळात त्याच कथेवर फ्रान्समध्ये १९८३ साली इव्ह ब्वासे यांचा ‘ल प्री द्यू दांजे’ हा चित्रपट येऊन गेला. वारशाची चर्चा करताना ही तीस वर्षांची अनुपस्थिती विसरता कामा नये, कारण जी कलाकृती कोणाला पाहायलाच मिळत नव्हती तिचा ‘प्रभाव’ सांगणे सोपे आणि दाखवणे अवघड असते.

मेंगे यांचा दुसरा पट ‘स्मॉग’, १५ एप्रिल १९७३. दिग्दर्शक होते वोल्फगांग पेटरझन. रूर या कोळसा आणि पोलादाच्या पट्ट्यात हवेचा उबदार थर वर झाकणासारखा बसतो, धूर खाली कोंडतो, मोजमापाचे आकडे चढत जातात, वाहने बंद करण्याचे आदेश निघतात आणि कारखानदार मात्र भट्ट्या थांबवायला नकार देतात; एवढीच गोष्ट. ती बातम्या, तज्ज्ञांच्या मुलाखती, रस्त्यावरचे वार्तांकन आणि एका सामान्य कुटुंबाचे दिवस यांच्या मिश्रणातून मांडली आहे. पट काल्पनिक असल्याचे ठाऊक असूनही अनेकांनी घाबरून दूरध्वनी केले. या भागाच्या लोकांना ही भीती परकी नव्हती: डिसेंबर १९६२ मध्ये तिथे दाट धुरक्याचे मोठे संकट येऊन गेले होते, आणि त्याच्या आदल्याच वर्षी विली ब्रांट यांनी रूरवरचे आकाश पुन्हा निळे झाले पाहिजे, अशी मागणी निवडणुकीच्या प्रचारात केली होती. प्रत्यक्ष धुरक्याचा पहिला अधिकृत इशारा रूरमध्ये १७ जानेवारी १९७९ रोजी दिला गेला, आणि १९८५ च्या जानेवारीत तर सर्वांत वरच्या पातळीचा इशारा देऊन वाहने थांबवावी लागली. मेंगे यांनी पटात वापरलेली इशाऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सरकारी नियमांत आधीपासून होतीच. त्यांनी ती फक्त अमलात आणून दाखवली.

याच पद्धतीचा एक प्रयत्न झेड.डी.एफ.साठी रायनर एर्लर यांनी १९७० मध्ये ‘डी डेलेगात्सिओन’मध्ये केला होता: परग्रहवासीयांचा माग काढणारा वार्ताहर मरण पावला आहे आणि त्याने मागे ठेवलेले चित्रीकरण जोडून वृत्तपट दाखवला जात आहे, अशी त्याची बतावणी. एर्लर पुढे १९७४ ते १९७६ दरम्यान ‘डास ब्लाउअं पाले’ या पाच दीर्घ भागांच्या मालिकेकडे वळले, ज्यात एका जुन्या वाड्यातील शास्त्रज्ञांचा गट संशोधनाच्या नैतिक सीमांशी झगडतो. ही मालिका विचारांनी भक्कम आहे, परंतु पात्रे बोलतात फार, आणि दृश्यरूपात तिच्यातून शिकण्यासारखे मला कमी सापडते.

तिसरा पट म्हणजे दिग्दर्शक रायनर वेर्नर फासबिंडर यांचा दोन भागांतला ‘वेल्ट आम ड्राट’, प्रक्षेपण १४ आणि १६ ऑक्टोबर १९७३. आधार डॅनियल गलूये या अमेरिकी लेखकाच्या १९६४ च्या ‘सिम्युलाक्रॉन-३’ या कादंबरीचा. एका संस्थेने संगणकात हजारो माणसांचे कृत्रिम जग उभे केले आहे आणि त्या माणसांना आपण कृत्रिम असल्याची जाणीव नाही. संस्थेच्या प्रमुख संशोधकाचा मृत्यू होतो, सुरक्षाप्रमुख भर मेजवानीत नाहीसा होतो, आणि तो कधी होता हेच कोणाला आठवत नाही. नवा संशोधक फ्रेड श्टिलर, म्हणजे क्लाउस लोविच, हळूहळू आपल्याच जगाविषयी साशंक होऊ लागतो.

हा पट सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, दूरचित्रवाणीच्या खर्चात झाला आहे आणि त्यात दृश्यचमत्कार जवळजवळ नाहीत. कलादिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याने तो त्याचसाठी पाहावा. मिशाएल बालहाउस यांचा कॅमेरा सतत आरशांतून, काचांतून आणि चकचकीत पृष्ठभागांतून पाहतो. एकाच चौकटीत बोलणारा माणूस आणि त्याचे दोन-तीन प्रतिबिंबित अवतार दिसतात, आणि खरा कोणता हे शोधण्याचे काम प्रेक्षकाच्या डोळ्यांवर सोपवले जाते. कथानकातला प्रश्न असा थेट नेपथ्यात उतरवला आहे. भविष्यातले शहर बांधण्याऐवजी फासबिंडर पॅरिसला गेले आणि तिथल्या तेव्हाच्या कोऱ्या करकरीत व्यापारी संकुलांत आणि काँक्रीटच्या इमारतींत चित्रीकरण केले. बाकीची खुर्च्या-टेबले १९७३ च्या दुकानांत मिळणारीच आहेत. दुय्यम पात्रे पुतळ्यांसारखी उभी राहतात, उत्तर द्यायला क्षणभर उशीर करतात. प्रथमदर्शनी हा वाईट अभिनय वाटतो. ही माणसे कोणीतरी लिहिलेली आहेत हे कळल्यावर त्या उशिराचा अर्थ लागतो.

‘द मेट्रिक्स’ याच पटावरून सुचला, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. तसा पुरावा माझ्या पाहण्यात नाही, आणि २०१० मध्ये बालहाउस यांच्या देखरेखीखाली दुरुस्त केलेली प्रत बर्लिनच्या महोत्सवात येईपर्यंत हा पट जर्मनीबाहेर क्वचितच दिसत असे. सिद्ध करता येणारा धागा दुसरा आहे: १९९९ चा ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ हा हॉलिवूडचा चित्रपट याच कादंबरीवर आधारलेला होता, त्याचे दिग्दर्शक योसेफ रुस्नाक आणि निर्माते रोलांड एमेरिख, दोघेही जर्मन.

तीनपैकी दोन पटांच्या मूळ कथा अमेरिकी आहेत, ही गोष्ट मी मुद्दाम लपवत नाही, कारण तिच्यामुळे माझा मुद्दा कमकुवत न होता स्पष्ट होतो. आशय उसना होता. आशयाला दूरचित्रवाणीच्या रूपात बसवण्याची कारागिरी जर्मन होती, आणि ती मेंगे, ट्योले, पेटरझन आणि फासबिंडर यांच्यासारखी एकमेकांपासून अत्यंत भिन्न माणसे एकाच संस्थेत, तीन वर्षांच्या अंतरात करू शकली, याचे श्रेय त्या विभागाच्या रचनेला जाते.

हाताने दाखवता येईल असा वारसा हवा असेल तर माणसांच्या वाटा पाहाव्यात. रोरबाख १९७९ मध्ये बव्हारिया स्टुडिओचे प्रमुख झाले आणि १९८१ च्या ‘डास बोट’ या पाणबुडीवरच्या चित्रपटाचे निर्माते म्हणून त्यांनी ‘स्मॉग’चे दिग्दर्शक पेटरझन आणि ‘ओरिओन’चे नेपथ्यकार त्सेहेटबाउअर यांना एकत्र आणले. मधल्या काळात त्सेहेटबाउअर यांना ‘कॅबरे’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळून गेले होते. पाणबुडीच्या त्या अरुंद नळीतली यंत्रे, झडपा आणि हातचाके पाहताना मला नेहमी पंधरा वर्षांपूर्वीचा नियंत्रणकक्ष आठवतो. इथे वस्तू उसन्या नव्हत्या, पण हाताला काय सापडले पाहिजे आणि नजरेने कुठवर जायचे, याचा हिशेब तोच होता. पेटरझन आणि त्सेहेटबाउअर ही जोडी पुढे १९८४ च्या ‘डी उनएंडलिखं गेशिख्टं’ (‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’) या चित्रपटाला आणि १९८५ च्या ‘एनिमी माइन’ या विज्ञानपटाला एकत्र होती, आणि या दोन्हींचे स्टुडिओतले काम गायझलगास्टाइगलाच झाले. बालहाउस अमेरिकेत गेले आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या अनेक चित्रपटांचे छायाचित्रण त्यांनी केले. या अर्थाने ‘राउमपाट्रुल्ये’चा दुसरा हंगाम दूरचित्रवाणीवर आला नाही तरी त्यामागचे कसब वाया गेले नाही.

याउलट आजच्या जर्मन मालिकांशी, विशेषतः २०१७ च्या ‘डार्क’शी, सरळ वंशावळ जोडण्याचा मोह आवरावा, असे मी सुचवेन. ती मालिका एका आंतरराष्ट्रीय प्रवाह-सेवेसाठी (स्ट्रीमिंगसाठी), लांब पल्ल्याच्या कथनाच्या अर्थशास्त्रावर उभी राहिली. जुने नाट्यपट नेमके त्या अर्थशास्त्राबाहेर असल्यामुळे शक्य झाले होते.

पाहण्याचा क्रम विचारला आहे, म्हणून तेही सांगतो. २००३ चा ‘राउमपाट्रुल्ये ओरिओन – र्‍युकश्टुर्त्स इन्स किनो’ हा सात भागांतून काटून केलेला चित्रपट आधी पाहू नये. त्यात एल्के हायडेनराइख यांची नव्याने चित्रित केलेली वृत्तनिवेदिकेची दृश्ये घातली आहेत, ती गमतीदार असली तरी मूळ मालिकेचा संथपणा, जो तिच्या नेपथ्याला श्वास घ्यायला जागा देतो, त्यात कापला गेला आहे. मूळचा पहिला आणि तिसरा भाग, म्हणजे ज्यात यंत्रमानवांच्या आज्ञापालनाचा प्रश्न येतो तो, इतके पाहिले तरी कल्पना येते. त्यानंतर ‘मिलिओनेनश्पील’ पाहावा, आणि तो शक्यतो मध्ये न थांबवता, खोट्या जाहिराती न वगळता. ‘स्मॉग’ त्याला लागूनच. ‘वेल्ट आम ड्राट’चे दोन भाग मात्र एका बैठकीत उरकू नयेत, मूळ प्रक्षेपणात त्यांच्यामध्ये एक दिवस मोकळा होता आणि पहिल्या भागाचा शेवट त्या मोकळ्या दिवसासाठीच रचलेला आहे.